कॅन्सर सर्जन आणि संशोधक दोन्ही व्हायचंय? मग आजपासून रजिस्टर ठेवा

सर्जरी शिकणारी मुलंमुली मला हमखास विचारतात, मॅडम, कॅन्सरची ऑपरेशनं करायचीत, शिकवायचंय आणि रिसर्चही करायचाय, सुरुवात कुठून करू? त्यांना वाटतं मी एखाद्या फेलोशिपचं नाव सांगेन नाहीतर कुणाला तरी फोन करून देईन. मी सांगते, आज जी केस केलीस किंवा नुसती असिस्ट केलीस ना, तिची नोंद आज झोपायच्या आधी कर, उद्याची उद्या कर आणि पुढची वीस वर्षं करत रहा. ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, पण मी इतक्या वर्षांत जे बघितलंय त्यावरून मनापासून सांगते, हात चांगला असलेले सर्जन खूप असतात, आपल्या हाताचं पुढे काय झालं हे सांगू शकणारे फार थोडे असतात आणि या कामात पुढे जातात ते हे दुसरे. म्हणून मी लिहिणार आहे ते बरंचसं त्याबद्दलच, बाकीचं ओघात येईल.

रजिस्टर म्हणजे काय तर एक पेशंट, एक ओळ. वहीत करा, एक्सेलमध्ये करा, हॉस्पिटलचा डेटाबेस असेल तर सोन्याहून पिवळं. पेशंटचं नाव आपल्या लॅपटॉपवर ठेवायचं नाही, फक्त हॉस्पिटलचा नंबर, आणि फाईलला पासवर्ड, आणि अशी नोंद ठेवायला तुमच्या डिपार्टमेंटची परवानगी आहे ना हे आधी विचारून घ्यायचं. कॉलम किती करायचे इथे लोक चुकतात, काहीजण साठ-सत्तर कॉलम करतात आणि पंधरा दिवसांत कंटाळतात, काहीजण चार करतात आणि पाच वर्षांनी त्यातून काहीच निघत नाही. मी सांगते तेवढे पुरतात: वय, गाठ कुठे आहे, ऑपरेशनच्या आधीची स्टेज, आधी केमो किंवा रेडिएशन झालंय का, काय ऑपरेशन केलं, मुख्य हात कोणाचा होता, किती वेळ, किती रक्त गेलं. हे त्याच दिवशी. मग हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट आला की मार्जिन, म्हणजे त्या भागाची कड, कॅन्सरपासून मोकळं आहे का आणि किती मिलिमीटरने, लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) किती मिळाले, त्यातले किती पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सर असलेले. मग तीस दिवसांत आणि नव्वद दिवसांत काय कॉम्प्लिकेशन झालं, आणि इथे ‘किरकोळ’, ‘मोठं’ असले शब्द लिहू नका, २००४ मध्ये आलेलं क्लॅव्हियन-डिंडो ग्रेडिंग वापरा, त्यात साधी गोष्ट आहे, कॉम्प्लिकेशन निस्तरायला काय करावं लागलं त्यावर ग्रेड ठरते, औषध किंवा रक्त द्यावं लागलं तर दोन, परत ओटीत न्यावं लागलं किंवा स्कोप (दुर्बीण), ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी) असं काही करावं लागलं तर तीन, जिवावर बेतून आयसीयूत न्यावं लागलं तर चार, पेशंट गेला तर पाच. असं लिहिलं की तुमची नोंद दुसऱ्या देशातल्या सर्जनलाही समजते आणि मुख्य म्हणजे तुम्हाला स्वतःला फसवता येत नाही.

ते फसवणं कसं असतं ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका पेशंटचं रेक्टमचं, म्हणजे गुदाशयाचं ऑपरेशन केलं, आतड्याचा जोड मला चांगला वाटला होता, चौथ्या दिवसापर्यंत सगळं ठीक, पाचव्या दिवशी सकाळी राउंडला नाडी एकशे दहाच्या पुढे, ताप फारसा नाही, पोटही फार दुखत नाही, पण ड्रेनमधलं पाणी गढूळ. मी म्हटलं बघू संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी सीटी केला तेव्हा जोड लीक झालेला होता, रात्रीच परत ओटीत नेलं आणि पेशंट वाचला, पण सकाळचे ते आठ तास माझ्यामुळे गेले होते. आणि त्या रात्री मी रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात लिहिलं तेव्हा लीक एवढंच लिहिलं, नाडी सकाळी वाढली होती हे लिहिलं नाही. दोन वर्षांनी मी लीक झालेल्या सगळ्या केसेस काढून बसले, पहिलं लक्षण किती वाजता दिसलं आणि आपण किती वाजता हललो हे बघायला, तेव्हा त्या ओळीत नेमकं तेच नव्हतं. तेव्हापासून दोन वेळांचे दोन कॉलम आहेत माझ्याकडे, लक्षण दिसल्याची वेळ आणि पाऊल उचलल्याची वेळ, आणि माझ्या रेसिडेंटना मी हेच सांगते की पाचव्या दिवशीच्या नाडीला कधी ‘बघू’ म्हणायचं नाही.

ही काही माझी कल्पना नव्हे हां. व्हिएन्नाचा बिलरॉथ, ज्याने २९ जानेवारी १८८१ ला पोटाच्या कॅन्सरसाठी जठराचा भाग काढून जोड देण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, त्याने त्याच्या आधीच आपल्या डिपार्टमेंटचे चांगले-वाईट सगळे रिझल्ट, मृत्यूसकट, छापायला सुरुवात केली होती. आणि बोस्टनचा कॉडमन, त्याने तर प्रत्येक पेशंटचं कार्ड केलं आणि वर्षभराने त्या पेशंटचं काय झालं ते त्यावर लिहायचा, त्याच्या छोट्या हॉस्पिटलमधून १९११ ते १९१६ मध्ये ३३७ पेशंट घरी गेले आणि त्यात १२३ चुका झाल्या असं त्याने स्वतःच जाहीर करून टाकलं. त्यापायी त्याला सहकाऱ्यांचा फार रोष पत्करावा लागला. आज आपण ज्याला ऑडिट म्हणतो, ज्याला रजिस्ट्री म्हणतो, त्याचं मूळ या माणसाच्या कार्डांमध्ये आहे आणि मला त्याच्याबद्दल खूप आदर वाटतो.

रजिस्टरमधला सगळ्यात अवघड कॉलम शेवटचा, आज पेशंट कसा आहे. कॅन्सरमध्ये ऑपरेशन टेबलवरचा रिझल्ट हा अर्धाच रिझल्ट, खरा रिझल्ट दोन वर्षांनी, पाच वर्षांनी कळतो, आणि तोपर्यंत पेशंट येणं बंद झालेला असतो. मग आपण लिहितो ‘लॉस्ट टु फॉलो-अप’ आणि मोकळे होतो. तसं करू नका, कारण न येणारे पेशंट हे येणाऱ्यांसारखे नसतात, काही अगदी ठणठणीत असतात म्हणून येत नाहीत आणि काही येण्याच्या अवस्थेत नसतात, आणि ते तुमच्या आकड्यातून गळाले की तुमचा सर्व्हायव्हल कर्व्ह, म्हणजे किती पेशंट किती काळ जगले याचा आलेख, खोटा सुंदर दिसतो. महिन्यातला एक दिवस ठरवा, एक तास काढा आणि न आलेल्यांना स्वतः फोन करा. एकदा मी असाच फोन केला, मुलीने उचलला, म्हणाली बाबांना जाऊन सात महिने झाले. मी सांत्वनाचं काहीतरी बोलले, तर ती म्हणाली, डॉक्टर, त्यांना गिळताना त्रास व्हायला लागला होता, तेव्हा परत आणायला हवं होतं का? मला काय उत्तर द्यावं कळेना. आणायला हवं होतं हे खरं होतं, पण कुठल्या त्रासासाठी परत यायचं हे आम्ही डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं का, तर नव्हतं, कार्डावर फक्त तारीख होती. तिला मी तेच सांगितलं, की हे आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं. त्यानंतर आमच्या डिस्चार्ज कार्डावर तारखेखाली तीन ओळी आल्या, हे झालं तर तारखेची वाट न बघता या, आणि खाली फोन नंबर. सांगायचं एवढंच की एका ओळीसाठी केलेल्या फोनमधून हे निघालं.

आता प्रश्न कसा शोधायचा, म्हणजे रिसर्चचा प्रश्न. नवी मुलं जर्नल वाचून प्रश्न शोधतात आणि मग त्यांचा प्रश्न दुसऱ्याच्या प्रश्नासारखाच निघतो. जर्नल वाचायलाच हवं, रोज वाचा, पण प्रश्न आपल्या ओटीत आणि आपल्या रजिस्टरमध्ये शोधा. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या हील्ड यांचं उदाहरण मी नेहमी देते. रेक्टमच्या कॅन्सरनंतर ओटीपोटात परत गाठ येण्याचं प्रमाण तेव्हा खूप होतं आणि सगळे म्हणायचे की हा आजारच वाईट. हील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले नमुने नीट तपासले, तर गाठीच्या खालच्या बाजूलाही, रेक्टमभोवतीच्या चरबीत, कॅन्सरचे बारीक ठिपके सापडले. हाताने ओढून रेक्टम सोडवण्याच्या पद्धतीत ती चरबी फाटायची आणि थोडी आत राहायची. मग डोळ्यांनी पातळी बघत, कात्रीने, ती चरबी तिच्या आवरणासकट अख्खी काढायची, यालाच टीएमई (टोटल मेसोरेक्टल एक्सिजन) म्हणतात, १९८२ मध्ये त्यांचा हा पेपर आला आणि रेक्टमची सर्जरी जगभर बदलली. याला मोठी लॅब लागली नव्हती, पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी उभं राहून आपलाच नमुना बघायला लागला होता.

म्हणून एक सवय लावूनच घ्या, नमुना स्वतः पॅथॉलॉजीत घेऊन जा. निदान रोज एक. ब्रेस्टची गाठ असेल तर टेबलवरून उचलायच्या आधीच टाके घाला, वरच्या बाजूला आखूड, बाहेरच्या बाजूला लांब, आणि तेच फॉर्मवर लिहा, नाहीतर मार्जिन पॉझिटिव्ह आहे असा रिपोर्ट येतो आणि कुठलं मार्जिन ते कुणालाच कळत नाही, मग परत ऑपरेशन करताना कुठे जायचं? टिश्यू बँकेला, म्हणजे रिसर्चसाठी तुकडे साठवतात तिथे, तुकडा द्यायचा असेल तर फॉर्मॅलिनमध्ये टाकायच्या आधी द्यायचा आणि तो पॅथॉलॉजिस्टनेच कापायचा, आपण हात लावायचा नाही. पॅथॉलॉजिस्टशी मैत्री करा हा सल्ला मला कोणी दिला नव्हता, मी मात्र सगळ्यांना देते.

ट्रेनिंग कुठे घ्यायचं यावर मी फार लिहीत नाही, प्रत्येक देशाची वाट वेगळी आहे आणि मेडिकलपासून स्वतंत्र कन्सल्टंट होईपर्यंत बारा-पंधरा वर्षं जातात हे सगळीकडे सारखंच. फक्त जागा निवडताना हॉस्पिटलच्या नावापेक्षा तीन गोष्टी विचारा, तिथल्या ट्रेनीला स्वतःच्या हाताने किती केसेस मिळतात, तिथला ट्यूमर बोर्ड खरंच भरतो का म्हणजे मेडिकल ऑन्को, रेडिएशन, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी सगळे बसून भांडतात का, आणि गेल्या तीन वर्षांत तिथल्या ट्रेनीचं पहिलं नाव असलेले पेपर आलेत का. तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं. मार्गदर्शक निवडतानाही तसंच, आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा, आज ते काय करतायत बघा. आणि आठवड्याचा एक अर्धा दिवस रिसर्चसाठी लेखी मिळतोय का ते जॉइन व्हायच्या आधी विचारा, कारण तोंडी मिळालेला अर्धा दिवस पहिल्या इमर्जन्सीतच जातो.

ट्रायल, म्हणजे पेशंट गटांत वाटून उपचारांची तुलना, करायची असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी, खरं तर प्रोटोकॉलचं पहिलं पान लिहायच्या आधी, स्टॅटिस्टिशियनकडे जा. डेटा गोळा करून झाल्यावर जाणारे लोक मी खूप बघितलेत आणि तेव्हा तो बिचारा काहीही करू शकत नाही. सर्व्हायव्हलच्या ट्रायलमध्ये किती पेशंट घेतले यापेक्षा किती घटना घडल्या, म्हणजे किती जणांना आजार परत आला किंवा किती गेले, यावर ट्रायलची ताकद ठरते, म्हणून चांगल्या प्रोग्नोसिसच्या, म्हणजे पेशंट सहसा बरे होतात अशा कॅन्सरमध्ये हजारात पेशंट लागतात. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये काखेतल्या सगळ्या गाठी काढायलाच हव्यात का हे बघणाऱ्या झेड-००११ ट्रायलला १९०० बायका घ्यायच्या होत्या, ८९१ मिळाल्या आणि अपेक्षेपेक्षा फार कमी घटना घडल्या म्हणून ती लवकर बंद झाली. तरी तिच्यामुळे बऱ्याच बायकांची काखेतली मोठी सर्जरी वाचली, पण सॅम्पल पूर्ण न झाल्याचा वाद कित्येक वर्षं चालला. एथिक्स कमिटीची परवानगी आणि ट्रायलचं रजिस्ट्रेशन पहिल्या पेशंटच्या आधी, यात एका दिवसाचाही उशीर चालत नाही, नंतर चांगलं जर्नल दारात उभं करत नाही. आणि जुन्या रजिस्टरमधून पेपर काढायचा असेल तरी एथिक्सला जावंच लागतं.

सर्जरीच्या ट्रायलमधला खरा अवघड भाग पेशंटशी बोलणं हाच. आपल्याला शिकवलेलं असतं की पेशंटसमोर ठाम रहायचं, आणि इथे सांगायचं असतं की दोन ऑपरेशनांपैकी कुठलं चांगलं हे मला खरंच माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, म्हणून कॉम्प्युटर ठरवेल. पेशंट विचारतात, तुमच्या बहिणीला असतं तर काय केलं असतं? या प्रश्नावर, तिलाही मी या ट्रायलमध्ये यायला सांगितलं असतं, असं उत्तर मनापासून देता आलं तरच त्या पेशंटला ट्रायलमध्ये घ्या. देता येत नसेल तर तुमचं मत आधीच झालंय, मग तुम्ही त्या ट्रायलचे सर्जन नाही. यात कमीपणा काही नाही, पण तसं असताना पेशंट घेणं चूक आहे.

आणि हे प्रश्न विचारण्याची किंमत किती मोठी असते तेही बघा. बाल्टिमोरच्या हॅल्स्टेडनी १८९४ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरसाठी ब्रेस्ट, छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळं एकत्र काढण्याच्या ऑपरेशनचे रिझल्ट छापले आणि पुढे जवळपास सत्तर-ऐंशी वर्षं जगभर बायकांवर तेच ऑपरेशन होत राहिलं, कारण जास्त काढलं की जास्त बरं असं सगळ्यांना वाटत होतं. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशरनी सत्तरच्या दशकात ते ट्रायलमध्ये घातलं, बी-०६ नावाच्या ट्रायलमध्ये १८५१ बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला आणि ब्रेस्ट ठेवून फक्त गाठ काढली तरी आयुष्य तेवढंच मिळतं हे दिसलं, फक्त रेडिएशन दिलं नाही तर त्याच ब्रेस्टमध्ये परत गाठ येण्याचं प्रमाण ३९.२ टक्के आणि दिलं तर १४.३ टक्के. मिलानच्या व्हेरोनेसींचाही वीस वर्षांचा निकाल तसाच, दोन्ही २००२ मध्ये एकाच जर्नलच्या एकाच अंकात आले. याउलट मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने २०१५ मध्ये दाखवलं की तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट जिवंत आणि वाट बघत थांबलं तर ६७.५ टक्के, म्हणजे इथे जास्त सर्जरी बरोबर निघाली. आधीच कुणाची बाजू घेऊन चालत नाही, मोजावं लागतं.

नवी टेक्नॉलॉजी आली की तर हे दसपट लागू. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरला दुर्बिणीने किंवा रोबोटने ऑपरेशन हे आपोआप चांगलंच असणार, असं सगळे धरून चालले होते, छोटी छिद्रं, कमी रक्त, लवकर घरी. २०१८ मध्ये ६३१ बायकांची ट्रायल आली आणि साडेचार वर्षांनी आजारमुक्त असणाऱ्या ओपन सर्जरीत ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. त्या बातमीनंतर मी दोन दिवस नीट झोपले नव्हते, आपण कुणाकुणाला काय सांगितलं होतं ते आठवत होते. तुम्ही रोबोट शिका, जरूर शिका, पण रजिस्टरमध्ये त्याचा वेगळा कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवा आणि पहिल्या पन्नास केसेस वेगळ्या मोजा.

लिहिण्याबद्दल थोडंसं. सकाळी ओटीच्या आधी पाऊण तास लिहा, रात्री लिहीन म्हणणाऱ्याचं लिहून होत नाही. आधी टेबल करा, मग रिझल्ट, मग पद्धत, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. लेखकांची नावं आणि क्रम काम सुरू होतानाच ठरवून मेलवर लिहून ठेवा, काम न करता नाव मागणाऱ्याला, मग तो कितीही मोठा असो, नम्रपणे नाही म्हणायला शिका. नकारात्मक निकाल आला तरी छापा, तो न छापणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी पेशंटला तेच परत सोसायला लावणं. आणि डेटात एका तारखेचीही फिरवाफिरव नको. बी-०६ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका सर्जनने काही पेशंट ट्रायलमध्ये बसवायला माहिती खोटी भरली होती, तो डेटा काढून परत हिशोब केला तेव्हा निकाल तोच राहिला, पण १९९४ मध्ये फिशरना पद सोडावं लागलं आणि ज्यांनी त्या निकालावर विश्वास ठेवून ब्रेस्ट ठेवलं होतं त्या बायका किती घाबरल्या असतील विचार करा.

शिकवणं वेगळं करावं लागत नाही, ते ओटीतच होतं. केसच्या आधी हात धुताना ट्रेनीला विचारा, आज कुठला भाग तू करणार आणि कुठे अडलास तर काय करशील. तो भाग त्याचा म्हणजे त्याचाच, मध्ये हात घालायचा नाही, धोका वाटला तर शब्दांनी थांबवा, आधी बोला आणि मगच हात पुढे करा. केस संपल्यावर टाके घालताना दोन मिनिटं, काय बरं झालं आणि पुढच्या वेळी काय वेगळं. ओरडणारे सीनियर आम्ही खूप सोसले, त्यातून कोणी चांगला सर्जन झाला असेल तर तो ओरडण्यामुळे नाही झाला. एमअँडएम मीटिंगमध्ये, म्हणजे कॉम्प्लिकेशन आणि मृत्यू झालेल्या केसेसच्या चर्चेत, स्वतःची केस स्वतः मांडा, रेसिडेंटला पुढे करू नका, खुर्चीवरच्या माणसाने एकदा उभं राहून हे माझं चुकलं म्हटलं की पुढच्या महिन्यापासून मुलं लपवणं बंद करतात.

घराबद्दल एकच सांगते कारण बाकी ज्याचं त्याने ठरवायचं. आठवड्यातली एक संध्याकाळ कॅलेंडरवर केससारखी टाका, ट्रेनीलाही ती दिसू दे, आणि त्या संध्याकाळी कव्हर करणारा माणूस ठरलेला असू दे, दुसऱ्या कुणाच्या संध्याकाळी तुम्ही कव्हर करा. आणि ज्या आठवड्यात टेबलवर पेशंट जातो त्या आठवड्यात एकटं घरी जाऊ नका, कोणाशी तरी त्या केसबद्दल बोलून मगच गाडीत बसा.

आणि हे काम सोडायच्या पाच वर्षं आधीपासून मोठ्या केसेसमध्ये पहिला हात ज्युनियरला द्यायला लागा, तुम्ही समोर उभे रहा. रजिस्टर दोघांच्या ताब्यात द्या, एकाच्या नाही, प्रत्येक कॉलमचा अर्थ काय, कुठली ग्रेड कुठल्या वर्षापासून वापरली, कुठे पद्धत बदलली हे चार पानांत लिहून त्याच्यासोबत ठेवा, आणि महिन्याच्या फोनचा तो एक तास कोण करणार त्याचं नाव पहिल्या पानावर लिहा.